कुलूपवाल्याचं वाढतं वजन

आमच्या भिंतीला भिंत लावून राहणारे भावजी कुलूपवाले आहेत. भावजी म्हणजे नात्यातले नव्हेत. शेजारणीला मी वहिनी म्हणते, तेव्हा तिचा नवरा आपोआपच भावजी. गल्लीतली पोरं त्यांना 'डबललॉक' म्हणतात. दुकान बंद करून चार पावलं गेला की हा माणूस परत येतो, कुलूप ओढून बघतो, पुन्हा निघतो आणि वळणावरून कुलपाकडे अशी नजर टाकतो, जणू त्याने पाठीमागे जीभ काढून दाखवली आहे.

संशय हा त्यांच्या धंद्याचाच भाग आहे म्हणा. पण भावजी तो धंद्यापुरता ठेवत नाहीत. दुधावर संशय, तराजूवर संशय, समोरच्या घड्याळाच्या दुकानातल्या सगळ्या घड्याळांवर सामुदायिक संशय. मी एकदा उसनी नेलेली वाटीभर साखर परत द्यायला गेले, तर वाटीत डोकावून म्हणाले, "एवढ्या लवकर?" मी म्हटलं, "उशिरा दिली असती तर चाललं असतं का?" तर म्हणे, "तेव्हा निदान कळलं असतं की तुम्हीच आहात."

आणि गंमत बघा. ज्याचा जगावर विश्वास नाही, त्याच्यावर सगळ्या गल्लीचा विश्वास. प्रत्येकाच्या घराची, दुकानाची एक जादा किल्ली त्यांच्याकडे ठेवलेली. कुणाची हरवली, कुणी आत विसरून दार ओढून घेतलं, की भावजींकडे धाव. त्या किल्ल्या ते नेमक्या कुठे ठेवतात, हे मी वेगवेगळ्या वाटांनी जाऊन विचारून पाहिलं. "दुकानात असतात," यापुढे एक अक्षर नाही. वहिनीला विचारलं तर ती म्हणाली, "मला माहीत असतं, तर तुम्हाला कळायला कितीसा वेळ लागला असता?" तेही खरंच.

तर असा हा माणूस. याने आजारपणही संशय घेतघेतच ओढवून घेतलं.

आधी बूट घट्ट व्हायला लागले. सकाळी पाय आरामात आत, संध्याकाळी काढताना ओढाताण. भावजी बूटवाल्याकडे गेले आणि कातडं हलकं लावलंस म्हणून भांडून आले. मग सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली फुगलेलं दिसायला लागलं, तर उशी बदलली. लघवीला फेस यायला लागला, तर वहिनीने संडास धुवायची पावडर बदलली असणार, असा निष्कर्ष निघाला. डोकं ठणकायचं आणि वाकून कानस घासून गुडघे-पाठही दुखायची. त्यावर वेदनाशामक गोळ्या चालू, न विचारता, वर्षानुवर्षं, लहान पोरं खडीसाखर तोंडात टाकतात तशा. एकदा कोपऱ्यावर फुकट रक्तदाब तपासायला मंडळी बसली होती. भावजींचा आकडा बघून तिथली मुलगी घाबरली, म्हणाली, "काका, आजच डॉक्टरकडे जा." भावजी घरी आले आणि म्हणाले, "फुकटचं यंत्र. ते खरं कशाला दाखवेल?"

सगळ्या जगाची झडती घेऊन झाली, पण पाठीच्या दोन बाजूंना गुपचूप राबणाऱ्या त्या दोन मूत्रपिंडांकडे यांचं बोट काही गेलं नाही. त्यांचा स्वभावच तसा मेला. डॉक्टर पुढे म्हणाले ना, बहुतेक काम बंद पडेपर्यंत ती चकार शब्द काढत नाहीत. सोशीक सुनेसारखी. आणि बोलतात तेव्हा एकदम माहेरी निघून गेलेली असतात.

शेवटी एका सकाळी भावजींना दुकानाचं शटर वर करताना धाप लागली. ते तिथेच पायरीवर बसले. वहिनीने नडगीवर अंगठा दाबला, तर खड्डा पडला तो पडलाच, भरून येईना. दवाखान्यात रक्त तपासलं. भावजींनी आणखी दोन ठिकाणी तपासून घेतलं. तिन्हीकडे आकडा तोच आला, तेव्हा मला म्हणाले, "तिघं एकमेकांना सामील दिसतात."

"भावजी," मी म्हटलं, "चौथ्या ठिकाणी जाऊ नका, रक्त संपेल."

या सगळ्याचा गल्लीवर मात्र चांगला परिणाम झाला. रक्तदाब मोजून घ्यायची साथच आली. ज्यांना साखरेचा त्रास होता ते लघवीही तपासून आले. औषधवाल्याने गोळ्या मागायला येणाऱ्याला "कशासाठी, किती दिवस झाले?" असं विचारायला सुरुवात केली, म्हणून त्याच्याशी दोघांनी बोलणं टाकलं. आमच्या ह्यांचा रक्तदाब छान निघाला. माझा वरचा आकडा बघून मी म्हणणार होते, "यंत्र बिघडलंय वाटतं." तेवढ्यात भावजींचा चेहरा आठवला आणि जीभ चावली. आता रोज सकाळी एक गोळी घेते आणि ताटात वरून मीठ घेत नाही. जेवणाला चव कमी झाली, ती मी बोलण्यातून भरून काढते.

भावजींचं डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. मूत्रपिंडांनी सोडून दिलेलं काम यंत्राने करायचं: रक्त बाहेर घ्यायचं, गाळायचं, परत आत सोडायचं, आणि अंगात साठलेलं जादा पाणीही ओढून काढायचं. किती काढायचं ते वजनावर ठरतं. अंगात जादा पाणी नसताना माणसाचं जे वजन असतं, त्याला तिथे कोरडं वजन म्हणतात. आल्याबरोबर काट्यावर उभं करतात, कोरड्या वजनापेक्षा जेवढं जास्त तेवढं पाणी, असा हिशेब. म्हणून भावजींना पिण्याचं पाणी मोजून. डॉक्टरांनी त्यांच्यापुरतं माप ठरवून दिलेलं. चहा त्यातच, आमटीचा रस्सा त्यातच, बर्फाचा खडासुद्धा त्यातच. मीठ जवळजवळ बंद, कारण मीठ खाल्लं की तहान आलीच.

सुयांसाठी डाव्या हातात छोटी शस्त्रक्रिया करून एक शीर दुसरीला जोडली. त्यावर बोट ठेवलं की थरथर लागते. ती चालू आहे ना, हे रोज बघायचं असतं, थांबली तर लगेच दवाखाना गाठायचा. हे काम भावजींना जन्मजात जमलं. कुलपाच्या आतले खटके बोटाच्या टोकाने ओळखणारा माणूस तो. डोळे मिटून थरथर तपासायचे आणि म्हणायचे, "चालू आहे. आज जरा मोकळी वाजतेय." नर्सबाई म्हणायच्या, "असे पेशंट सगळे मिळाले तर!" पहिले काही महिने वजनही शहाण्यासारखं राहिलं.

आता ताईंकडे वळू.

भावजींची थोरली बहीण बसमध्ये तिकीट तपासनीस आहे. उंच, सडसडीत, एकट्या राहतात, आणि अशा बघतात की ज्याच्याकडे तिकीट आहे तोही खिसे चाचपायला लागतो. आमच्या दारात त्या पहिल्यांदा उभ्या राहिल्या, तेव्हा मी माझ्याच घरात असूनही "मी इथेच राहते हो," असं म्हणून गेले. बहीणभावाचं फारसं सूत नव्हतं. भांडण नव्हतं, पण दोन संशयी माणसं एका खोलीत बसली की बोलणार काय?

याच ताई एके दिवशी येऊन म्हणाल्या, "माझं एक मूत्रपिंड घे. रक्तगट तोच आहे. डॉक्टरांशी बोलून आले."

वहिनीच्या हातातला कप तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी भावजी गॅलरीच्या कठड्यावरून मला हळूच म्हणाले, "ती का देतेय?"

"भावजी, बहीण आहे तुमची."

"म्हणूनच विचारतोय. लहानपणी हिने मला पतंगाचा मांजासुद्धा दिला नव्हता."

"मांजे दोन नव्हते ना तिच्याकडे."

पण ताईंचीही अट होती, आणि ती त्यांनी सगळ्यांसमोर घातली. "डॉक्टर म्हणाले, नवीन मूत्रपिंड बसवल्यावर जन्मभर गोळ्या वेळच्या वेळी घ्याव्या लागतात. एक चुकवली की शरीर ते मूत्रपिंड परकं म्हणून हाकलायला बसतं. आता ज्याला पाण्याचं माप पाळता येत नाही, तो गोळ्यांचं काय पाळणार? शस्त्रक्रियेपर्यंत तू एकदाही मापाबाहेर गेला नाहीस, तर माझं मूत्रपिंड तुझं. गेलास तर मी माझी वस्तू वाया घालवणार नाही."

"मंजूर," भावजी म्हणाले. त्या वेळी तेही अगदी मनापासून म्हणाले.

आणि तिथूनच वजन वाढायला लागलं.

मधे एवढंच झालं होतं की बूटवाल्याचं दुकान फोडलं कुणीतरी. भरदिवसा, जेवायच्या सुट्टीत. गेले काय, तर चार बूट, तेही जोडीने नाहीत. पण भावजींनी ते फार मनाला लावून घेतलं. कुलूप त्यांचं नव्हतं, तरीही. कुलूप कसं कापलं ते वाकून वाकून बघून आले आणि दोन दिवस नीट जेवले नाहीत.

त्यानंतरच्या आठवड्यात नर्सबाईंनी काट्यावरचा आकडा बघून भुवई चढवली. पुढच्या वेळी दुसरी. मग डॉक्टरांनी बोलावून घेतलं. "दोन फेऱ्यांच्या मधे एवढं पाणी साठतंय, म्हणजे तुम्ही मापाच्या बरंच बाहेर पिताय. हे फुप्फुसात जाईल. हृदयावर ताण येईल. कुठून पिताय?"

"मी पीत नाही," भावजी म्हणाले.

"मग ढगातून येतं का?"

घरी आल्यावर वहिनीने कपाळाला हात लावला. आणि आमच्या दोन घरांच्या मधल्या त्या भिंतीला त्या दिवसापासून कान फुटले. एरवी तिकडे एकच कान असतो, माझा.

वहिनीने पाण्याची बाटली मापाची केली, बाकीची भांडी उपडी करून ठेवली. तरी वजन वाढलेलंच. नळाच्या चावीभोवती दोरा गुंडाळला. तरी तेच. शेवटी तिने काय केलं म्हणता? पलीकडच्या रस्त्यावरच्या दुसऱ्या कुलूपवाल्याकडून कुलूप आणून फ्रिजला लावलं.

अहो, जन्मभराचा अपमान! भावजी दुकानातून आले, फ्रिजकडे बघितलं, आणि त्यांना पाण्याची आठवणच राहिली नाही. "हे? हे कुलूप? हे कुठून आणलंस तू? हे लहान मूल उघडेल!" आणि वहिनीच्या केसातली पिन काढून तिथल्या तिथे, पापणी लवायच्या आत, खट्.

उघडल्यावर त्यांच्या लक्षात आलं. पण तोवर उशीर झाला होता. वहिनी कमरेवर हात ठेवून उभी, मी दारात, आणि माझ्या मागे नेमक्या त्याच वेळी आलेल्या ताई.

"बरं झालं दाखवलंस," ताई म्हणाल्या. "आता कळलं कसं होतं ते."

"अगं, मी कुलूप किती वाईट आहे ते दाखवत होतो!"

"चोर पकडला गेला की हेच म्हणतो. गेली वीस वर्षं रोज ऐकतेय मी. तिकीट आत्ता इथेच होतं, म्हणे."

मग ताईंनी तपास स्वतःच्या हातात घेतला. पहिली संशयित कोण? मी! स्वयंपाकघरात येऊन खुर्ची ओढून बसल्या.

"तुमच्याकडे येतो ना तो?"

"येतात कधी कधी."

"काय देता?"

"सल्ला."

"आणि पिण्यासाठी?"

"ताई, मी त्यांना पाणी सोडा, साखरसुद्धा परत देताना विचार करते."

आयुष्यात अनेक भानगडींत माझा हात असतो, मी नाकारत नाही. नेमक्या या एका भानगडीत तो नव्हता, आणि नेमकी हीच माझ्या अंगावर. ताईंनी जाताजाता आमच्या माठाचं झाकण उघडून आत बघितलं. माझी तर खात्री आहे की पातळी लक्षात ठेवली.

जाताना जिन्यात भावजी भेटले, त्यांनाही ऐकवून गेल्या. "पुढच्या आठवड्यात माझी शेवटची तपासणी आहे. तोवर तुझं वजन ताळ्यावर आलं नाही, तर डॉक्टरांना जाऊन सांगते की मी देत नाही. मग बस फ्रिज उघडत."

त्या संध्याकाळी भावजी कठड्याशी उभे होते. तोंड सुकलेलं. मला वाटलं, पाणी मागणार. तर म्हणाले, "तुम्ही तरी सांगा तिला. लोकांची घरं उघडतो मी. रिकामी घरं. कपाटं, तिजोऱ्या. आजवर कुणाच्या घरातली टाचणी उचलली नाही. आणि स्वतःच्या घरातलं पाणी चोरीन?"

"मग वजन कसं वाढतं, भावजी?"

"काटा खोटा आहे. किंवा ती नर्स. मुद्दाम जास्त पाणी ओढतात माझ्या अंगातून. शेवटच्या तासाला पायात असे गोळे येतात की ओरडावंसं वाटतं. डोळ्यांपुढे अंधारी येते. घरी आलो की दिवसभर पडून राहतो. आधी असं होत नव्हतं. काहीतरी आहे यांचं."

खरं सांगते, माझा विश्वास बसला नाही. ज्याने उशीवर आळ घेतला, तो नर्सवर घेईल यात नवल काय?

त्या आठवड्यातल्या शेवटच्या फेरीला मी वहिनीच्या सोबत गेले. वहिनीला आधार म्हणून गेले असं मी घरी सांगितलं. आधारही दिला, थोडा. मोठी खोली, रांगेने खाटा, प्रत्येक खाटेशी एक यंत्र मंद घरघरत. माणसं झोपलेली, कुणी पेपर वाचत, एक आजोबा तोंडात लिंबाची गोळी घोळवत. त्यांनीच भावजींना शिकवलं होतं, तहान लागली की चूळ भरून टाकायची, छोट्या कपातून प्यायचं, एकेक घोट तोंडात फिरवायचा. ते मला म्हणाले, "तुमचा माणूस माझ्यापेक्षा कमी पितो हो. मी दर फेरीला बघतो. कसं काय वजन वाढतं, देव जाणे."

भावजींना काट्यावर उभं केलं. त्यांनी बूट काढले, खिसे उलटे करून दाखवले. आकडा पुन्हा वर. नर्सबाईंनी सुस्कारा सोडला आणि यंत्रावर तेवढं पाणी ओढायचं लावलं. तेवढ्यात दारातून ताई आल्या, न सांगता, कामावरच्या पोशाखातच. भिंतीशी जाऊन उभ्या राहिल्या, बसच्या मागच्या दाराशी राहतात तशा. भावजींनी चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली.

पहिले दोन तास काही झालं नाही. मग भावजींचा चेहरा पांढरा पडायला लागला. कपाळावर घाम. "पाय, पाय," म्हणाले आणि पोटरी धरून वळले. यंत्र किंचाळायला लागलं. नर्सबाई धावल्या, खाटेचं डोकं खाली केलं, पाणी ओढणं बंद केलं, नळीतून सलाईन सोडलं. "रक्तदाब पडलाय! पाय दाबा कुणीतरी, तळवा वर ढकला!"

वहिनीने पाय दाबायला चादर फर्रकन ओढली.

आणि खाटेवरून जमिनीवर असं काही कोसळलं की सगळी खोली उठून बसली. लिंबाची गोळी आजोबांच्या तोंडातून बाहेर आली. कॅनव्हासचा एक रुंद पट्टा, त्याला शिवलेले खण, आणि खणाखणांतून ओसंडणाऱ्या किल्ल्या. पितळी, लोखंडी, लांब, बुटक्या, प्रत्येकीला रंगीत दोरा. फरशीवर पसरल्या तेव्हा त्यांत माझ्या घराचीही दिसली, हिरव्या दोऱ्याची.

भावजींचे डोळे अर्धवट मिटलेले. तरी हात खाली गेला. "उचला. मोजून घ्या," म्हणाले.

तासाभराने, रंग परत आल्यावर, उलगडा झाला. गल्लीच्या किल्ल्या आधी दुकानात असायच्या. बूटवाल्याचं दुकान फोडलं आणि भावजींच्या मनात शिरलं की डायलिसिसच्या दिवशी आपलं दुकान चार-पाच तास बंद असतं, सगळ्या गल्लीची घरं आत लटकलेली असतात. म्हणून त्या दिवसांपुरत्या त्या पोटाला बांधून आणायला लागले, शर्टाच्या आतून. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर लपवण्यात अर्थ काय? काट्यावर पट्ट्यासकट उभे राहायचे. आडवं झाल्यावर टोचतो म्हणून चादरीखाली हळूच सोडायचे, शेवटी पिशवीत सरकवायचे. परतीचं वजन पट्ट्याशिवाय. पुढच्या वेळी येताना पुन्हा पट्टा.

नर्सबाईंनी पट्टा उचलून काट्यावर ठेवला. दोन किलोंच्या वर काटा गेला. त्यांचा हात तोंडावर गेला. "अहो, एवढं पाणी मी तुमच्या अंगातून काढत होते! जे नव्हतंच!"

डॉक्टर आले. ते आवाज चढवत नाहीत, पण त्या दिवशी चढला. "अंगात नसलेलं पाणी ओढलं, तर ते रक्तातूनच जाणार. रक्तदाब पडतो, हृदय ताणलं जातं. आज थोडक्यात वाचलात. खिसे उलटे करून दाखवलेत आणि पोटाला लोखंड?"

"खिसे दाखवा म्हणाल्या होत्या," भावजी पुटपुटले.

"आणि आमच्या काट्यावर संशय घेत होतात?"

"तो तुम्ही माझ्यावर घेत होतात, त्याचं काय?"

न्याय्य होतं ते. ज्याच्या पायात गोळे येतात, ज्याला अंधारी येते, त्याने पाणी चोरलं असं म्हणण्याआधी त्याच्यात पाणी उरलं तरी आहे का, हे कुणीतरी बघायला हवं होतं. डॉक्टर एवढंच म्हणाले, "यापुढे वजन अंगावरच्या एका साध्या शर्टावर. आणि त्रास झाला की आम्हाला सांगायचा, शेजाऱ्यांना नाही." शेजारी म्हणजे मी. मी छताकडे बघितलं.

ताई इतका वेळ भिंतीशीच होत्या. त्या पुढे आल्या, पट्टा हातात घेतला, खण एकेक चाचपत गेल्या. चोर म्हटलं ते आता कसं गिळणार, हे बघायचं होतं मला. सर्वांत आतल्या खणात एकच किल्ली होती, दोऱ्याशिवाय.

"ही कुणाची?"

भावजींनी चादर पुन्हा गळ्यापर्यंत ओढून घेतली.

"कुणाची म्हणते मी?"

"तुझ्या घराची."

"मी तुला किल्ली कधी दिली?"

"दिली नाहीस. मागच्या वर्षी कुलूप दुरुस्त करायला बोलावलंस, तेव्हा करून घेतली." मग घाईघाईने, "एकटी असतेस तू. आत पडलीस बिडलीस, तर दार कोण उघडणार? फोडायला वेळ लागतो. चांगलं कुलूप आहे ते, मीच बसवलंय."

ताई त्या किल्लीकडे बघत राहिल्या. वहिनी डोळे पुसायला लागली, पण ताईंचा आवाज होता तसाच. "म्हणजे चोर आहेसच. फक्त पाण्याचा नाहीस."

किल्ली त्यांनी परत त्याच खणात घातली. बटण लावलं, आणि लागलं की नाही ते ओढून बघितलं.

पुढच्या फेरीपासून दवाखान्याने भावजींना पट्टा ठेवायला एक कपाट दिलं. भावजींनी त्याचं कुलूप हातात घेतलं, कानाशी धरून हलवलं आणि दुःखाने परत ठेवलं. आता तिथे त्यांचं स्वतःचं कुलूप आहे. डॉक्टरांच्या औषधांच्या कपाटालाही त्यांनीच बसवून दिलं, न मागता. वजन आपोआप जागेवर आलं आणि गोळे येणं थांबलं. आमच्या गल्लीत मात्र वेगळंच झालं. किल्ल्या पोटावर असतात हे सगळ्यांना कळलं, त्यामुळे भावजींना आता दुसरी जागा शोधावी लागली आहे. कुठे, ते मला अजून कळलेलं नाही. दुकानात नाहीत. मी बघितलंय.

शस्त्रक्रियेआधी एक शेवटचं कलम होतं. मूत्रपिंड देणारा माणूस आपल्या मर्जीने देतोय ना, कुणी दबाव आणला नाही ना, पैशाची देवघेव नाही ना, हे विचारायला काही मंडळी बसतात. देणाऱ्याला एकट्याला आत बोलावतात. ताई आत गेल्या. बाहेर बाकावर भावजी, वहिनी आणि मी. दार नीट बसत नव्हतं. कुलूप खराब, भावजी म्हणाले. म्हणून मी दाराच्या बाजूला बसले.

आतून एका बाईंचा मऊ आवाज आला. "तुमच्यावर कुणी दबाव आणलाय का?"

"माझ्यावर?" ताई म्हणाल्या. मग आतून कुणीतरी खुर्ची मागे सरकवल्याचा आवाज आला.

"मन बदललं तर अजूनही नाही म्हणू शकता. आम्ही बाहेर कारण सांगणार नाही."

"मन बदललं असतं, तर कारण मी बाहेर जाऊन स्वतः सांगितलं असतं."

कागद उलटल्याचा आवाज. मग एक पुरुषी आवाज, जरा चाचरत. "भावावर तुमचा विश्वास आहे ना? म्हणजे, नंतर तो काळजी घेईल, गोळ्या वेळेवर घेईल असा?"

"अजिबात नाही," ताई म्हणाल्या. "म्हणून तर आत माझा माणूस बसवतेय. चोवीस तास लक्ष ठेवायला."

आत हशा पिकला. ताईंचा नव्हता. मग खाली सही करा म्हणाले, आणि पेनाची कुरकुर ऐकू आली.

भावजींनी माझ्या कोपराला ढोसलं. "काय म्हणाली? देतेय ना?"

मी शब्दन् शब्द सांगितला, अगदी खुर्चीच्या आवाजासकट. वहिनीने पदर तोंडाला लावला. भावजी मात्र डाव्या हाताच्या थरथरीवर बोट ठेवून दाराकडे बघत राहिले.

"एवढंच?" म्हणाले. "आणखी काहीतरी म्हणाली असणार ती. तुम्ही सांगत नाही आहात."